हॅच-वॅक्समनमधला वॅक्समन

नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मला हॅच-वॅक्समन हा एकच माणूस वाटायचा. खोटं कशाला बोला. बी.फार्मला हेंडरसन-हॅसलबाल्क होतं, मायकेलिस-मेंटेन होतं, त्यातली माणसं कोण, कुठली, कधी होऊन गेली हे कुणी विचारलं होतं का, समीकरण पाठ केलं, पेपर लिहिला, विषय संपला. तसंच हे एक, अमेरिकेतल्या जेनेरिक औषधांच्या कायद्याचं नाव. आमच्या डिपार्टमेंटमध्ये दिवसातून दहा वेळा उच्चार व्हायचा, हॅच-वॅक्समनमध्ये बसतंय का बघ, हॅच-वॅक्समनचे तीस महिने कधी संपतायत, आणि माझ्या डोळ्यापुढे एक जाड भिंगाचा जर्मन शास्त्रज्ञ यायचा, पांढरा कोट घातलेला, हातात पिपेट.

मी रेग्युलेटरी अफेअर्समध्ये आहे. औषध कंपनीत आहे म्हटलं की सोसायटीतले लोक सर्दीवरची गोळी विचारतात, त्यांना काय सांगणार की मी वीस वर्षांत एकही गोळी बनवलेली नाही, मी फक्त कागद बनवते. आपल्याकडच्या कारखान्यात तयार झालेली जेनेरिक गोळी अमेरिकेतल्या केमिस्टकडे पोचायची असेल तर ती मूळ कंपनीच्या गोळीसारखीच आहे, तेवढीच रक्तात उतरते, हे तिथल्या एफडीएला, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याला, पटवून द्यावं लागतं. त्या पटवण्याच्या कागदांना एएनडीए म्हणतात. आमचं सगळं घर त्या चार अक्षरांवर चालतं.

मी लागले तेव्हा हे सगळं खरोखरच्या कागदावर जायचं. निळ्या जाकिटात आर्काइव्हल कॉपी, लाल जाकिटात केमिस्ट्रीवाल्यांची, नारिंगीत बायोवाल्यांची. आणि अमेरिकन लोक ए-फोर वापरत नाहीत, त्यांचा लेटर साइज असतो, रुंदीला जरासा जास्त, उंचीला जरासा कमी, त्याची रिमं वेगळी मागवावी लागायची आणि स्टोअरवाला ती सोन्यासारखी कुलपात ठेवायचा. एकदा रात्री नऊ वाजता लक्षात आलं की तीन व्हॉल्यूम ए-फोरवर छापून गेलेत, कुणीतरी ट्रे बदलला होता आणि ते कुणीतरी म्हणजे मीच होते. सकाळी सातला कुरिअरचा माणूस येणार. कँटीन बंद, स्टोअरची किल्ली बेलापूरला राहणाऱ्या माणसाकडे, त्याला उठवून आणला, मग मी, एक ज्युनिअर आणि सिक्युरिटीतले एक काका असे तिघं पहाटेपर्यंत पंचिंग करत बसलो, भोकं एका रेषेत यायला पाहिजेत नाहीतर जाकिटात पानं तिरकी बसतात. सिक्युरिटीच्या काकांनी विचारलं, ताई, हे एवढं सगळं कोण वाचतं हो तिकडे. मला उत्तर देता आलं नाही.

तर बरीच वर्षं हे असंच चाललेलं. मग एक नवीन ट्रेनी पोरगी आली, साताऱ्याकडची, तोंडाने फटकळ. इंडक्शनमध्ये मी हॅच-वॅक्समन शिकवत होते तर म्हणाली, मॅडम, हॅच म्हणजे अंडी उबवतात ते ना, मग वॅक्समन काय मेणबत्तीवाला? सगळी हसली, मीपण हसले, आणि घरी जाताना ट्रेनमध्ये मोबाइल काढून बघत बसले, अरे हे आहेत तरी कोण. त्या रात्री जे सुरू झालं ते काही महिने चाललं. हॅच बाजूला राहिले, मी वॅक्समनमध्येच अडकले.

दोन माणसं निघाली. ऑरिन हॅच, युटा राज्याचे रिपब्लिकन सिनेटर, उंच, गोरेपान, कडक कॉलरवाले, मॉर्मन. आणि हेन्री वॅक्समन, लॉस एंजेलिसचे डेमोक्रॅट, ज्यू, उंची पाच फूट पाच इंच, टक्कल आणि भरघोस मिशी. फोटो बघितला आणि मला आमच्या गावच्या सहकारी बँकेतले पासबुक भरून देणारे काका आठवले, तेच, जे काउंटरवर मान वर न करता 'सही जुळत नाही' म्हणतात.

वॅक्समनचा जन्म सप्टेंबर १९३९ चा. वडिलांचं वॉट्समध्ये किराणा दुकान होतं. वॉट्स म्हणजे लॉस एंजेलिसचा तो भाग जो पुढे १९६५ च्या दंगलींमुळे जगाला माहीत झाला. दुकानाच्या वर घर. हे वाचलं आणि मला एकदम बरं वाटलं, कारण आपल्याकडेही दुकानाच्या माडीवर वाढलेली पोरं ओळखता येतात, त्यांना उधारीची वही कशी वाचायची ते शाळेच्या आधी कळतं. नातेवाइकांमध्ये आजी-आजोबांच्या पिढीने रशियातून पळून आल्याच्या गोष्टी होत्याच. यूसीएलएतून राज्यशास्त्र, मग तिथूनच १९६४ ला वकिली. कॉलेजातच पक्षाच्या युवक संघटनेत उठबस, आणि तिथेच हॉवर्ड बर्मन नावाचा मित्र भेटला, तोही पुढे तीस वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, होता. ही जोडी एकमेकांसाठी प्रचार करायची, माणसं निवडून आणायची, लॉस एंजेलिसच्या राजकारणात त्यांच्या गटाचा असा दरारा होता की पेपरवाले त्याला सरळ 'मशीन' म्हणायचे.

१९६८ मध्ये, वय वर्षं एकोणतीस, वॅक्समन कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीत निवडून आले. आपल्याकडच्या विधानसभेसारखंच समजा. आणि कसे आले तर स्वतःच्याच पक्षाच्या, वीसेक वर्षांहून जास्त काळ बसलेल्या लेस्टर मॅकमिलन यांना प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, पाडून. हे लक्षात ठेवा, कारण हा माणूस ज्येष्ठांना खुर्चीवरून उठवण्याचं काम आयुष्यात पुन्हा पुन्हा करतो, फार शांतपणे, आवाज न चढवता.

सॅक्रमेंटोला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सहा वर्षं. तेव्हा तिथे गव्हर्नर कोण? रॉनल्ड रेगन. तिथे वॅक्समन आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले. मतदारसंघांच्या फेररचनेच्या समितीवरही होते, ते खातं राजकारण शिकायला उत्तम, नकाशावर एक रेघ इकडची तिकडे केली की कुणाचं करिअर संपतं ते तिथे दिसतं. पण त्यांनी स्वतःसाठी आरोग्य निवडलं, आणि का निवडलं ते मला फार पटलं, हुशार माणसाने एक विषय धरावा, त्यातलं सगळं वाचावं, म्हणजे इतरांना आपल्याकडे यावंच लागतं. १९७२ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या प्रीपेड प्लॅन्ससाठी नियम घालणारा एक कायदा झाला, त्याचं नाव वॅक्समन-डफी. बघा, तेव्हापासूनच नावाला जोडरेघ.

१९७४ ला वॉटरगेट घोटाळ्यानंतरच्या लाटेत डेमोक्रॅट्सची नवी पोरं मोठ्या संख्येने वॉशिंग्टनला, काँग्रेसच्या प्रतिनिधी सभागृहात गेली, त्यात वॅक्समन. जानेवारी १९७५ ते जानेवारी २०१५. चाळीस वर्षं, वीस निवडणुका. मतदारसंघ बेव्हर्ली हिल्स, हॉलिवूडच्या बाजूचा, म्हणजे जागा पक्की आणि देणगीदार श्रीमंत. स्वतःच्या निवडणुकीला पैसे फार लागत नव्हते. मग त्या पैशांचं काय करायचं? सहकाऱ्यांना द्यायचे. तुला निवडणुकीला कमी पडतायत ना, हे घे.

हे चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण १९७९ मध्ये आरोग्य आणि पर्यावरण उपसमितीचं अध्यक्षपद रिकामं झालं, तेव्हा रांगेत पुढे होते नॉर्थ कॅरोलिनाचे रिचर्डसन प्रेयर, माजी न्यायाधीश, सगळ्यांना आदर वाटेल असे सज्जन गृहस्थ. आणि काय योगायोग बघा, हे प्रेयर म्हणजे विक्स व्हेपोरब शोधणाऱ्या लन्सफर्ड रिचर्डसन यांचे नातू. हो, तेच विक्स, आपल्या आईने छातीला चोळलेलं. ते घराणं औषध कंपनीचं, आणि उपसमिती औषध कंपन्यांवर देखरेख करणारी, शिवाय तंबाखूच्या राज्यातले. वॅक्समननी तो मुद्दा धरला, मतदान मागितलं आणि १५ विरुद्ध १२ ने जिंकले. वॉशिंग्टनमध्ये गहजब झाला, ज्येष्ठता मोडली, आणि ज्यांनी मतं दिली त्यांतल्या काहींना ह्याने निवडणुकीला पैसे दिलेले, मग हे विकत घेतलेलं पद नाही तर काय. टीका चुकीची नव्हती. पण त्या खुर्चीवर बसून पुढची सोळा वर्षं त्या माणसाने जे केलं ते बघितलं की मी गप्प बसते.

सोळातली बारा वर्षं व्हाइट हाउसमध्ये विरोधी पक्ष, आधी रेगन आठ वर्षं, मग थोरले बुश. सरकार खर्च कापायला निघालेलं. आणि ह्याच बारा वर्षांत गरीब बाळंतिणींना आणि मुलांना मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेत, घेण्याचं काम वॅक्समननी केलं, दरवर्षी थोडं थोडं, बजेटच्या अवाढव्य बिलात एखादं कलम सरकवून. भाषण नाही, मोर्चा नाही. १९९० चं कलम तर मला इतकं आवडलं की मी ते आमच्या टीमला फळ्यावर लिहून दाखवलं. त्यात म्हटलंय की ३० सप्टेंबर १९८३ नंतर जन्मलेल्या गरीब मुलांना राज्यांनी कव्हर द्यायचं, एकोणीस वर्षांचं होईपर्यंत. म्हणजे त्या वर्षी सात वर्षांची मुलं आत आली, पुढच्या वर्षी आठ, मग नऊ, काही न करता, नवीन कायदा न करता, फक्त मुलं मोठी होत गेली आणि योजना त्यांच्याबरोबर मोठी होत गेली, पूर्ण व्हायला २००२ साल उजाडलं. एकदम सगळ्यांना घेतलं असतं तर खर्चाचा आकडा बघून कुणीही बिल फाडलं असतं. हे डोकं किराणा दुकानात वाढलेल्याचंच, एवढं आत्ता द्या, बाकीचं लिहून ठेवतो.

आता आमच्या विषयावर येते, म्हणजे १९८४ वर.

त्याच्या आधी अमेरिकेत जेनेरिकची परिस्थिती अशी होती. १९६२ मध्ये थॅलिडोमाइड नावाच्या औषधाने बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या धक्क्यानंतर कायदा कडक झाला, औषध सुरक्षित आहे एवढंच नाही तर उपयोगी आहे हेही सिद्ध करा. योग्यच होतं. पण त्याचा परिणाम असा झाला की १९६२ नंतरच्या औषधाचं पेटंट संपलं तरी जेनेरिकवाल्याला सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागणार, तेही एफडीएला उत्तर आधीच माहीत असताना. एवढा खर्च कोण करणार, त्यामुळे पेटंट संपलेली दीडशेच्या आसपास औषधं अशी पडून होती की त्यांना जेनेरिकच नव्हतं. दुसऱ्या बाजूला मोठ्या कंपन्यांची रड वेगळी, पेटंटची सतरा वर्षं मंजुरीच्या वाटेवरच निम्मी संपतात, आम्हाला ती परत द्या. त्यात एप्रिल १९८४ ला कोर्टाचा एक निकाल आला, रोश विरुद्ध बोलर, की पेटंट चालू असताना जेनेरिकवाल्याने साधी चाचणीही करायची नाही. म्हणजे पेटंट संपल्यावर कामाला सुरुवात, मग दोन-तीन वर्षं अशीच फुकट.

दोघांकडेही तक्रार आहे आणि दोघांनाही काहीतरी पाहिजे, अशा वेळी मध्यस्थाला सोन्याचे दिवस येतात. वॅक्समन जेनेरिकच्या बाजूने, हॅच मोठ्या कंपन्यांना जवळचे. दोघांनी महिनोन्‌महिने घासाघीस केली. मोठ्या कंपन्यांना पेटंटची पाच वर्षांपर्यंत वाढ मिळाली, पण मंजुरीनंतर एकूण चौदाच्या वर नाही. जेनेरिकवाल्यांना छोटा अर्ज मिळाला, सारखेपणा सिद्ध करा, बास, तोच आमचा एएनडीए. बोलरचा निकाल रद्द. आणि एखादं पेटंट तकलादू आहे असं वाटलं तर त्याला आव्हान द्यायची सोय, पॅरा फोर, जो पहिला आव्हान देईल त्याला १८० दिवस एकट्याला बाजार. मूळ कंपनीने केस टाकली तर तीस महिने थांबायचं. २४ सप्टेंबर १९८४ ला व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये सही झाली. सही कुणाची, रेगन यांची. सॅक्रमेंटोचे जुने गव्हर्नर.

त्या वर्षी अमेरिकेत शंभर प्रिस्क्रिप्शनमागे एकोणीसेक जेनेरिक असायची. आता नव्वद. आणि त्या नव्वदातला मोठा हिस्सा आपल्याकडून जातो, हैदराबाद, अहमदाबाद, औरंगाबाद, गोव्यातलं वेर्णा. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाला नाही तर बनवायच्या पद्धतीला पेटंट होतं, म्हणून आपल्या केमिस्ट लोकांनी वर्षानुवर्षं एकच औषध वेगवेगळ्या रस्त्यांनी बनवायचा रियाज केला होता. तिकडे वॅक्समननी दार उघडलं तेव्हा इकडची मंडळी तयारच होती, जरा उशिराने पोचली इतकंच. ते बोलरचं कलम आपल्या पेटंट कायद्यातही आलंय, १०७-ए, ते पाठ नसलेला रेग्युलेटरीवाला मला दाखवा.

माझी मावशी न्यू जर्सीला असते, एडिसनमध्ये. तिच्या बीपीच्या गोळ्यांची ती नारिंगी डबी असते ना, पांढऱ्या झाकणाची, दाबून फिरवायची, लहान मुलांना उघडू नये म्हणून केलेली आणि मावशीलाही न उघडणारी, त्याच्या लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, अमुक ब्रँडच्या ऐवजी दिलेलं जेनेरिक. एकदा तिने व्हिडिओ कॉलवर डबी कॅमेऱ्याला चिकटवून विचारलं, हे 'ऐवजी' म्हणजे काय गं, मला डुप्लिकेट देतायत का? मी तिला अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणाली, म्हणजे तू जे कागद करतेस ते ह्याचे होय. एवढ्या वर्षांत माझं काम समजलेली घरातली ही पहिली व्यक्ती.

कायद्यात भोकं नव्हती असं नाही. ते १८० दिवस म्हणजे सोन्याची खाण, त्यामुळे एक काळ असा होता की पहिला नंबर लागावा म्हणून कंपन्यांची माणसं एफडीएच्या ऑफिसबाहेर पार्किंगमध्ये मुक्काम ठोकून बसायची, दिवसच्या दिवस, आपल्याकडे केजीच्या अ‍ॅडमिशनला रात्रभर रांग लागते तशी. शेवटी २००३ मध्ये एफडीएने सांगितलं की बाबांनो, एकाच दिवशी आलेले सगळे पहिलेच धरू, घरी जा. दुसरं भोक जास्त वाईट. मूळ कंपनी पहिल्या जेनेरिकवाल्याला पैसे देऊन गप्प बसवायची, तू येऊ नको, आम्ही नफा वाटून घेऊ, आणि तो येत नाही तोवर मागचेही अडकलेले. वॅक्समन आणि हॅच दोघांनीही नंतर म्हटलं की आमचा हेतू हा नव्हता. हेतू नसेल, पण कलम लिहिणाऱ्याने समोरच्याची हाव मोजायला पाहिजे, किराणा दुकानदाराच्या मुलाने तर नक्कीच.

त्याच १९८४ मध्ये अजून एक गोष्ट झाली आणि ती वाचेपर्यंत मला पत्ताच नव्हता. रोझ गार्डनमधल्या सहीनंतर दहा आठवड्यांनी भोपाळ. २ डिसेंबरची रात्र. त्याच युनियन कार्बाइडचा तोच मिथाइल आयसोसायनेट बनवणारा अमेरिकेतला प्लांट वेस्ट व्हर्जिनियात इन्स्टिट्यूट नावाच्या गावी होता. वॅक्समनची उपसमिती त्याच डिसेंबरात तिथे जाऊन बसली आणि सुनावणी घेतली, इथे काय होऊ शकतं ते सांगा. आणि जानेवारीत वॅक्समननी कंपनीचा आतला एक मेमो बाहेर काढला, भोपाळच्या तीन महिने आधीचा, ज्यात त्या इन्स्टिट्यूटच्या प्लांटमध्ये रिअ‍ॅक्शन हाताबाहेर जाण्याचा धोका लिहिलेला होता. म्हणजे कागद होता. कुणीतरी लिहिला होता, सही करून फाइल केला होता. मी स्वतः आयुष्यभर कागद फाइल करणारी बाई, मला ह्या मेमोने त्या रात्री झोप लागू दिली नाही. अमेरिकेत विषारी वायू सोडणाऱ्या कारखान्यांवर आकडे जाहीर करायची सक्ती त्यानंतर आली आणि १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यात १८९ विषारी प्रदूषकांची यादीच घातली गेली. भोपाळला काय मिळालं ते आपल्याला माहीत आहे.

स्वच्छ हवेवरून आठवलं, ती ट्रॉलीची गोष्ट. १९८२ साल. समितीचे मोठे अध्यक्ष जॉन डिंगेल, ह्यांच्याच पक्षाचे, पण मिशिगनचे, म्हणजे मोटर कंपन्यांच्या गावचे, सव्वासहा फुटी आडदांड माणूस. ते आणि रेगन सरकार मिळून हवेचा कायदा सैल करायला निघालेले, बहुमत त्यांच्याकडे. वॅक्समननी काय केलं, सहाशे दुरुस्त्या लिहून काढल्या आणि त्या सुपरमार्केटच्या ट्रॉल्यांमध्ये भरून, ढकलत ढकलत समितीच्या खोलीत आणल्या. आपल्याकडे डी-मार्टमध्ये असतात तशा. एकेका दुरुस्तीवर चर्चा, एकेकीवर मतदान. करा. ते बिल तिथेच लटकलं आणि मेलं. मग आठ वर्षं हे दोघं एकमेकांना अडवत राहिले, ना कायदा सैल झाला ना कडक, आणि शेवटी १९८९ मध्ये गाड्यांच्या धुरावर दोघांनीच बसून तडजोड केली, १९९० ला थोरल्या बुशनी सही केली. वायोमिंगचे रिपब्लिकन सिनेटर अ‍ॅलन सिम्पसन ह्या वॅक्समनबद्दल म्हणाले होते की हा उकडलेल्या घुबडापेक्षा चिवट आहे. घुबड कोण उकडतं देव जाणे, पण कौतुक होतं ते.

एड्सचं तर नावही ठरलेलं नव्हतं तेव्हा, एप्रिल १९८२, वॅक्समननी त्यावरची काँग्रेसची पहिली सुनावणी लॉस एंजेलिसमध्ये घेतली, समलिंगी लोकांच्या केंद्रात जाऊन. सरकार त्या आजाराचं नाव काढायला तयार नव्हतं. आठ वर्षांनी रायन व्हाइट कायदा झाला, उपचारांना पैसे मिळाले, आणि सिनेटच्या बाजूला ते बिल आणणाऱ्यांत सिनेटर टेड केनेडींबरोबर कोण, तर परत हॅच. दुर्मिळ आजारांच्या औषधांचा कायदा, जानेवारी १९८३, तिथेही सिनेटच्या समितीवर हॅचच बसलेले. त्या कायद्याच्या सुनावणीला टीव्हीवर डॉक्टरचं काम करणारे नट जॅक क्लगमन साक्षीला आले होते, कारण पेशंट येऊन रडले तर एकही कॅमेरा येत नाही, नट आला की सगळे येतात. वॅक्समनना हे बरोबर कळायचं.

आणि कॅमेऱ्यांचा कळस म्हणजे १४ एप्रिल १९९४. हा व्हिडिओ तुम्ही कुठेतरी बघितला असेल. सात मोठ्या तंबाखू कंपन्यांचे सात प्रमुख एका रांगेत उभे, उजवे हात वर, शपथ घेतायत. मग ओरेगनचे रॉन वायडन एकेकाला विचारतात, निकोटीनचं व्यसन लागतं का, आणि एकामागून एक सातही जण म्हणतात, मला वाटतं नाही लागत. वॅक्समन खुर्चीवर बसून नुसते बघतायत. चेहऱ्यावर काही नाही. पासबुकवाले काका. माझे आजोबा चंची कमरेला लावूनच गेले, त्यामुळे मी तो तुकडा चार वेळा बघितला.

पण बघा नशीब. त्याच नोव्हेंबरात डेमोक्रॅट्स हरले, सभागृह गेलं, आणि वॅक्समनच्या हातून उपसमिती गेली. मुख्य समितीवर जे बसले ते थॉमस ब्लायली, व्हर्जिनियाचे, तंबाखूच्या रिचमंडचे. चौकशी बंद. बारा वर्षं विरोधात. दुसरा कुणी असता तर लॉबिंग कंपनीत जाऊन पैसे कमावत बसला असता. हे पत्रं लिहीत बसले. १९९५ मध्ये तर फिलिप मॉरिसचे आतले कागद सभागृहात उभं राहून वाचले, कारण सभागृहात बोललेल्यावर कोर्टात खेचता येत नाही. तंबाखूचा कायदा व्हायला मग २००९ चा जून उजाडला, सुनावणीनंतर पंधरा वर्षं.

सगळंच काही असं उजळ नाही. २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाला त्यांनी होकार दिला, आणि मार्च २००३ मध्ये, बाँब पडायच्या दोन-तीन दिवस आधी, धाकट्या बुशना पत्र लिहिलं की तुमचा युरेनियमचा पुरावा बनावट निघालाय, हे कसं झालं? आता विचारून काय उपयोग. दुसरं म्हणजे लॉस एंजेलिसची मेट्रो. १९८५ ला त्यांच्या भागात एका दुकानाखाली मिथेन साठून स्फोट झाला, तेव्हा त्यांनी त्या पट्ट्यात बोगदा खणायला केंद्राचे पैसेच बंद करून टाकले, आणि ती बंदी २००७ पर्यंत राहिली. कारण सुरक्षेचं, पण तिथल्या श्रीमंत वस्त्यांना मेट्रो नकोच होती हेही सगळ्यांना माहीत. वीस वर्षं लोक बसमध्ये तिष्ठले. हवेच्या शुद्धतेसाठी ट्रॉल्या ढकलणारा माणूस स्वतःच्या मतदारांपुढे मात्र गाड्यांच्या धुराला वाट देतो, हे मला पचत नाही, रोज ठाणे-बेलापूर रस्त्यावर दीड तास घालवणाऱ्या बाईला तर नाहीच.

२००७ ला सत्ता परत आली आणि वॅक्समन चौकशी समितीचे अध्यक्ष झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये, बँका कोसळल्यावर, समोर अ‍ॅलन ग्रीनस्पॅन, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख. अठरा वर्षं ज्यांचा शब्द बाजारात देववाणी होता त्यांनी वॅक्समनच्या प्रश्नांपुढे कबूल केलं की माझ्या विचारात एक दोष सापडला. पुढच्याच महिन्यात वॅक्समननी ज्येष्ठाला उठवायचा खेळ शेवटचा केला, मोठ्या ऊर्जा समितीचं अध्यक्षपद त्याच डिंगेलकडून घेतलं, १३७ विरुद्ध १२२. डिंगेल तेव्हा १९५५ पासून सभागृहात होते.

मग वॅक्समन-मार्की, हवामान बदलाचं बिल, परत जोडरेघ. आणि इथे मला फार हसू आलं. विरोधकांनी धमकी दिली की नऊशेच्या वर पानं आहेत ना, सगळी मोठ्याने वाचायला लावू, वेळ घालवू. म्हणजे ह्यांचाच ट्रॉलीचा डाव ह्यांच्यावर. तर वॅक्समननी काय करावं, एक भराभर वाचणारा पोरगाच भाड्याने आणून बसवला. घ्या, वाचतो. त्याने थोडं वाचून दाखवलं, सगळे हसले, धमकी गेली. जून २००९ मध्ये सभागृहात २१९ विरुद्ध २१२ ने पास झालं, सिनेटमध्ये गेलं आणि तिथेच वारलं. तिकडे जोडरेघेच्या पलीकडे धरायला कुणी हॅच मिळाला नाही.

आमच्या धंद्यात त्यांची एक हार मात्र रोज भेटते. २०१० मध्ये बायोसिमिलरसाठी, म्हणजे जैविक औषधांच्या जेनेरिकसारख्या आवृत्त्यांसाठी, कायदा झाला तेव्हा मूळ कंपनीला पाच वर्षांचं संरक्षण पुरे असं वॅक्समन म्हणत होते, त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी बारा करून घेतलं. आमच्या बायो टीमचा माणूस बोर्डावर तारखा मांडतो आणि बारा वर्षं मोजताना शिवी हासडतो, मी त्याला सांगते, अरे एक म्हातारा भांडला होता रे तुझ्यासाठी.

जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी सांगितलं की आता पुढे उभा राहणार नाही. पंचाहत्तरीला आलेले. डिंगेल त्यांच्याबरोबरच निवृत्त झाले, दोघं एकाच दिवशी.

एप्रिल २०२२ मध्ये हॅच वारले. सोमवारी ऑफिसला आलो तर एफडीएची क्वेरी येऊन पडलेली, स्टॅबिलिटीच्या डेटावर, सात दिवसांत उत्तर. चहाच्या वेळी मी सांगितलं, अगं हॅच गेले. ती सातारची पोरगी आता सीनिअर एक्झिक्युटिव्ह झालीय, स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, मग मॅडम, आता नुसतं वॅक्समन म्हणायचं का? मी म्हटलं, नाही गं बाई, रेघ तशीच राहू दे, आणि तो टेबल सहा परत तपासून दे, मागच्या वेळी नऊ महिन्यांचा कॉलम चुकला होता.